गुडघा ‘मुरगळला’ म्हणून सोडून देऊ नका

भाताची झोडणी आटोपली, खळी रिकामी झाली की कर्जत-खालापुरात गावोगाव कबड्डीची मैदाने आखली जातात. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. गावाची पोरं ईर्ष्येने खेळतात आणि त्यातच कुणाचा तरी गुडघा जातो. दोघे-तिघे उचलून त्याला कडेला बसवतात, कुणी तेल लावून चोळतो, कुणी स्प्रे मारतो. ‘शीर सरकली असेल, दोन दिवसांत बरी होईल’ असे म्हणून विषय संपतो. पण गुडघ्याचे दुखणे तेवढ्यावर संपेलच असे नाही. म्हणूनच, शेतकरी बंधू-भगिनींनो, हा विषय आपल्या घराचा आहे.

दोऱ्या चार, काम मोठे

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकलेले असते. ती दोन्ही जागेवर धरून ठेवतात चार मजबूत दोऱ्या. त्यांना लिगामेंट किंवा अस्थिबंध म्हणतात. दोन दोऱ्या बाजूंना असतात आणि दोन आत फुलीसारख्या असतात. आतली पुढची दोरी नडगीला पुढे सरकू देत नाही. तरुण खेळाडूंची हीच दोरी वारंवार तुटते. हाडांच्या मध्ये दोन गाद्याही असतात आणि पुष्कळदा दोरीबरोबर गादीही फाटते.

ही दोरी तुटायला धक्का लागलाच पाहिजे असे नाही. चढाई करणारा एकदम वळतो, पाय मातीत रुततो, अंग फिरते आणि गुडघा मात्र जागेवरच राहतो. उडी मारून ताठ पायावर उतरतानाही हेच होते. कुणी घोटा धरला आणि अंग दुसरीकडे गेले, तरी तोच प्रकार. चिखलणीच्या खाचरात पाय अडकून माणूस पडला किंवा मोटरसायकल घसरली, तरीही गुडघा असाच जायबंदी होतो. धावत्या खेळांत मुलांपेक्षा मुलींना हा धोका जास्त असतो, हे शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

कसे ओळखाल?

मार लागतानाच आत ‘कट्’ असा आवाज झाला किंवा काहीतरी तुटल्यासारखे वाटले. दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला. खेळ पुढे चालू ठेवता आला नाही: ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर आतली दोरी तुटल्याचा दाट संशय घ्या. इतक्या लवकर येणारी सूज बहुधा आत रक्त साचल्याची असते. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली तर दुखापत बहुधा हलकी असते, तरीही दाखवून घ्या.

खरी फसगत पुढे होते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, पोरगं चालू लागतं आणि घरच्यांना वाटतं की बरं झालं. मग बांधावरून उतरताना, डोक्यावर भारा घेऊन वळताना गुडघा दगा देतो. ‘पाय निसटतो’ ही तक्रार म्हणजे दोरी जागेवर नसल्याची खूण आहे. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल तर गादी फाटलेली असू शकते. प्रत्येक वेळी पाय निसटला की गादी आणखी झिजते आणि तिशी-पस्तिशीतच गुडघा म्हातारा होतो.

पहिले तीन दिवस

खेळ लगेच थांबवा. पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे लावा आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. पट्टी बांधा, पण करकचून नको. पहिले तीन दिवस चोळणे, गरम शेक आणि दारू ही तिन्ही वर्ज्य, कारण त्यांनी रक्तस्राव आणि सूज वाढते. झटका देऊन ‘बसवून’ घेण्याचा प्रयोग तर मुळीच करू नका.

गुडघा वाकडा दिसत असेल, पाऊल थंड किंवा बधिर पडले असेल, पायावर अजिबात भार पडत नसेल, तर वेळ दवडू नका. रक्तवाहिनी दबली असेल तर काही तासांतच पाय गमावण्याची वेळ येते. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

‘फोटोत काही नाही’ म्हणजे बरे नव्हे

एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोरी दिसत नाही. तरीही एक्स-रे हवाच. वाढत्या वयाच्या मुलांत दोरी तुटण्याऐवजी ती हाडाचा तुकडा घेऊन उखडते आणि तो फोटोत सापडतो. दोरीचा निदानासाठी अनुभवी डॉक्टरांचा हात लागतो. गुडघा थोडा वाकवून, नडगी पुढे ओढून ते तपासतात. पहिल्या दिवशी सुजेमुळे नीट कळत नाही, म्हणून आठवड्याभराने पुन्हा दाखवा. गरज पडली तर एमआरआय सांगतात.

सुरुवात कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात करा. पुढे अलिबागचे जिल्हा रुग्णालय आहे आणि लोकलने मुंबई गाठली की शीव, केईएम, जे. जे. आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवा.

शस्त्रक्रिया सगळ्यांनाच लागत नाही. बाजूची दोरी बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायामानेच सांधते. आतली दोरी पूर्ण तुटली, पाय निसटतो आणि पोराला खेळायचे आहे, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात व रुग्णाच्याच पायातला स्नायूबंध काढून नवी दोरी बसवतात. त्याआधी सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. नंतरचा व्यायाम हा अर्धा उपचार आहे. निदान नऊ महिने मैदानात उतरायचे नाही. घाई केली तर नवी दोरीही तुटते.

कुस्तीगीर विनेश फोगट २०१६ साली रिओत गुडघा दुखावून स्ट्रेचरवरून बाहेर गेली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्याच्या याच दोरीवर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. वजनामुळे ती अपात्र ठरली, पण गुडघ्याने दगा दिला नाही. वेळेवर उपचार आणि नेटाने व्यायाम केला तर पोरगा किंवा पोरगी पुन्हा उभी राहते.

गावाने काय करावे?

सरपंच, पोलीस पाटील आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी एवढे पाहावे: मैदानातले खडे-ढेकळे काढून, पाणी मारून ते सपाट करा. सामन्याआधी पंधरा मिनिटे अंग गरम करण्याचा व्यायाम सक्तीचा करा. त्यात उठबशा, एका पायावर तोल आणि उडीनंतर गुडघे वाकवून उतरणे हवे. बर्फ, पट्ट्या आणि एक वाहन तयार ठेवा. गुडघा दुखावलेल्या पोराला स्प्रे मारून पुन्हा उतरवू नका, मग सामना कितीही अटीतटीचा असो.

ढाल पुढच्या वर्षीही मिळेल. पण पोलीस भरतीत मुलाला १६०० मीटर आणि मुलीला ८०० मीटर धावायचे असते, आणि आवणीच्या दिवसांत घरच्या खाचरात उतरायचे असते. त्यासाठी दोन्ही गुडघे शाबूत हवेत.