दोन रेषा, चार आकडे

हैदराबादच्या कोठीजवळच्या जामबागेला शहर फूलबाजारासाठी ओळखत आले. घाऊक बाजार पुढे गुडीमलकापूरला गेला. मराठी माणसाला मात्र जामबाग म्हटले की विवेकवर्धिनी आठवते. निजामाच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी मुलांसाठी उभी केलेली ही शाळा. पुढे तिच्या जोडीला महाविद्यालयही आले. फळ्यावर खडूने स्तंभालेख काढणारी पिढी सरली. आता कॉमर्स असो की सायन्स, ‘पीपीटी’ केल्याशिवाय कोणाची सुटका नाही आणि पीपीटी म्हटली की चार्ट आलाच.

ज्या पॉवरपॉइंटवरून हा शब्द रुळला, ते सॉफ्टवेअर १९८७ साली मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते घडवले होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. आज या मायक्रोसॉफ्टचे मोठे केंद्र हैदराबादेतच गच्चीबावलीला आहे.

चार्ट काढायला फारसे काही लागत नाही. ‘इन्सर्ट’मध्ये जाऊन ‘चार्ट’ निवडायचा. स्लाइडवर नमुन्याचे रंगीत खांब उभे राहतात आणि शेजारी एक्सेलचा छोटा तक्ता उघडतो. त्यातले नमुन्याचे आकडे पुसून आपले भरले की झाले. घाईत मात्र नावे बदलायची राहून जातात आणि भर वर्गात पडद्यावर ‘सिरीज १’, ‘सिरीज २’ झळकतात.

खरा प्रश्न असतो कोणता चार्ट घ्यायचा हा. चार्टचा आद्य पुरुष विल्यम प्लेफेअर यालाही तो पडला होता. १७८६ च्या त्याच्या ॲटलासमध्ये बहुतेक आलेख रेषांचे होते, कारण वर्षानुवर्षांच्या व्यापाराचे आकडे हाती होते. स्कॉटलंडचे आकडे मात्र एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षाची रेषा कशी ओढणार? मग त्याने पट्ट्या काढल्या आणि स्तंभालेख जन्माला आला. भूगोलाच्या पुस्तकातले आपले ‘विभाजित वर्तुळ’, म्हणजे पाय चार्ट, हेही त्याचेच; ते १८०१ मधले.

हिशेब आजही तोच आहे. २०११ च्या जनगणनेत साक्षरता महाराष्ट्रात ८२.३ टक्के होती, तर आजच्या तेलंगणाच्या भागात ६६.५ टक्के. अशा तुलनेला खांब बरे. काळाबरोबर काय बदलले हे सांगायचे तर रेषा हवी. पाय चार्ट एका पूर्णाच्या दोन-चार वाट्यांपुरता ठीक. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगाने दाखवले, की एकाच पट्टीवरची उंची माणसाला जितकी नेमकी जोखता येते तितका कोन येत नाही. त्यात तो पाय तिरका, थ्रीडी केला की पुढची फाक उगाच मोठी दिसते.

खांबांचीही एक खोड आहे. महाराष्ट्राची साक्षरता २००१ मध्ये ७६.९ टक्के होती, २०११ मध्ये ८२.३. हे दोन खांब उभे करताना उभा ॲक्सिस शून्याऐवजी ७५ पासून सुरू केला, तर दुसरा खांब पहिल्याच्या जवळपास चौपट दिसतो. प्रत्यक्षात तो जेमतेम सात टक्के उंच असायला हवा. यात लबाडीच असते असे नाही. आकड्यांत फरक थोडा असला की सॉफ्टवेअर आपणहूनच ॲक्सिस वरून सुरू करते. म्हणून ॲक्सिसवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट ॲक्सिस’ उघडावे आणि ‘मिनिमम’च्या चौकटीत शून्य घालावे.

आता समजा, एखाद्या विद्यार्थिनीला महाराष्ट्रातल्या स्त्री-पुरुषांच्या साक्षरतेवर स्लाइड करायची आहे. १९९१ मध्ये पुरुष ७६.६ टक्के आणि स्त्रिया ५२.३, २००१ मध्ये ८६ आणि ६७, २०११ मध्ये ८८.४ आणि ७५.९. सॉफ्टवेअर याचे सहा खांब उभे करते. बघणारा आधी एकेक जोडी मापतो, मग मनात वजाबाकी करतो; तोवर पुढची स्लाइड येते. ‘चेंज चार्ट टाइप’मधून त्याच आकड्यांच्या रेषा केल्या, तर दोन्ही वर चढताना आणि एकमेकींजवळ येताना दिसतात. २४ टक्क्यांहून मोठी दरी वीस वर्षांत साडेबारावर आली, हे न सांगता कळते.

उरलेले काम बहुतांशी खोडरबराचे. चार्टवर क्लिक केले की उजवीकडे अधिकचे चिन्ह येते. त्यातून आडव्या जाळीच्या रेघा काढून टाकता येतात. लेजंडही काढून ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’ हे शब्द थेट रेषांच्या टोकाशी लिहावेत, म्हणजे नजरेला येरझारा घालाव्या लागत नाहीत. लाल-हिरवी जोडी टाळलेली बरी, काहींना त्या रंगांतला फरक दिसत नाही. मराठी अक्षरे युनिकोडमध्येच टाइप करावीत. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर गेला, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की ‘स्त्रिया’च्या जागी भलतीच चिन्हे उमटतात.

शीर्षकात ‘साक्षरता १९९१–२०११’ एवढेच लिहिले तर विषय कळतो, निष्कर्ष कळत नाही. त्याऐवजी ‘वीस वर्षांत स्त्री-पुरुष साक्षरतेतली दरी निम्म्यावर’ असे लिहिले की मागच्या बाकावरच्यालाही काय बघायचे ते समजते. त्याखाली मग दोन रेषा पुरतात, आणि त्यांच्या टोकांशी चार आकडे: ७६.६ आणि ५२.३, ८८.४ आणि ७५.९.