बिनबापाची लेकरे

वसुबारसेच्या संध्याकाळी पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या मळ्यातल्या वस्तीवर गेलात, तर गाय-वासरापुढे निरांजनाचे तबक फिरताना दिसेल. वासराच्या बापाची चौकशी कोणी करीत नाही; पण तो कुठे तरी असतोच, मग तो गावचा वळू असो की गुरांच्या डॉक्टरांनी आणलेली कृत्रिम रेतनाची कांडी असो. जीव जन्माला यायचा तर आई आणि बाप दोघेही हवेत, ही आपली समजूत अशी गोठ्यातच पक्की होते. गोठ्यामागच्या टोमॅटोच्या वावरात चार पावले टाकली, की ती डळमळू लागते.

टोमॅटोचे कोवळे पान उलटून पाहा. टाचणीच्या माथ्याएवढे, हिरवट, मऊ किडे दाटीने बसलेले आढळले, तर तो मावा. मुलांच्या दप्तरातले भिंग मिळाले तर आणखी मौज दिसेल. एखाद्या मोठ्या किड्याच्या पोटातून जिवंत पिल्लू बाहेर येत असते, तेही पायाकडून! या आईने नराचे तोंडही पाहिलेले नसते. तिला होणाऱ्या साऱ्या लेकीच, आणि जन्माला येतानाच त्या लेकींच्या पोटात पुढचे गर्भ वाढीला लागलेले. आजी, आई आणि नात एकाच कुडीत! हवा उबदार असली, की आठ-दहा दिवसांत लेकच आई होते.

हे खरे कसे मानावे? जिनिव्हाच्या शार्ल बॉने या विशीतल्या तरुणालाही हीच शंका आली. 1740 साली त्याने नुकतेच जन्मलेले माव्याचे एक पिल्लू काचेखाली एकटे कोंडले आणि दिवसेंदिवस तो त्याच्यावर पहारा देत बसला. त्या एकटीला 95 पिल्ले झाली. नराशिवाय होणाऱ्या या प्रजोत्पत्तीला शास्त्रात अनिषेकजनन म्हणतात.

मग नर हवाच कशाला? उत्तर माव्यापाशीच आहे. थंड देशांत उन्हाळाभर माद्यांचेच राज्य चालते. पण दिवस लहान होऊ लागले, की त्याच माद्यांच्या पोटी नरही जन्मतात. मग मीलन होते, अंडी घातली जातात आणि ती अंडी हिवाळा काढतात. पुढे कसले दिवस येतील याचा भरवसा नसला, की दोन रक्तांची सरमिसळ कामी येते. शंभर तऱ्हेची लेकरे असली, तर त्यांतली चार तरी तगतात. एका आईच्या हुबेहूब लेकी मात्र तगल्या तर साऱ्या तगतात, नाही तर साऱ्या बसतात. आपल्याकडे माव्याला हिवाळ्याची तशी सक्ती नाही, त्यामुळे त्याचा कारभार बहुधा माद्यांवरच भागतो. शेतकऱ्याची खरी अडचण इथेच आहे. औषधाला दाद न देणारी एक मादी फवाऱ्यातून वाचली, की तिच्या लेकी तेच बळ घेऊन जन्मतात. पंधरा दिवसांनी तेच औषध पुन्हा मारले, तर खर्च तेवढा होतो.

पिंपळगावकरांना ही गोष्ट दुसऱ्या बाजूनेही ठाऊक आहे. थॉमसन द्राक्षाची बाग बियांतून येत नाही; काडीवरून काडी होते, म्हणजे हजारो वेली खऱ्या अर्थाने एकच वेल. म्हणूनच अवकाळी पावसानंतर केवडा आला, की त्याला बागेत कुठे अडसर भेटत नाही.

मधमाशीने तर दोन्ही वाटा एकाच घरात ठेवल्या आहेत. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या डेंगळ्यांवर घोंघावणाऱ्या साऱ्या कामकरी माश्या आईबापाच्या. राणीने फलन न झालेले अंडे घातले, की त्यातून निघतो नर. त्याला बाप नाही, पण आईचा बाप म्हणजे आजोबा मात्र आहे! योहान झिएरझोन नावाच्या, मधमाश्या पाळणाऱ्या एका पाद्र्याने 1845 साली हे मांडले. आणि आपले गांडूळ? एकाच देहात नर-मादी दोन्ही असूनही ते बहुधा दुसऱ्या गांडुळाची वाट पाहते.

या साऱ्यांत मला नवल वाटते ते वाळ्याचे. पावसाळ्यात न्हाणीच्या मोरीत किंवा कुंडीखाली काळसर, चकचकीत, वीतभर ‘गांडूळ’ वळवळताना दिसते. नीट पाहिले तर अंगावर बारीक खवले असतात. तो एक बिनविषारी, जवळजवळ आंधळा साप आहे. मुंग्या-वाळवीची अंडी-पिल्ले खाऊन तो गुजराण करतो. या जातीत नर आजवर खात्रीने सापडलेला नाही. त्यामुळे कुंडीतल्या मातीबरोबर एकटी मादी गेली, तरी नव्या गावी वंश सुरू होतो. आपल्या या भागातला हा जीव असाच रोपांच्या कुंड्यांत बसून हवाई बेटांपर्यंत आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडापर्यंत पोहोचला. घरात मात्र ‘सापाचे पिल्लू’ असा ओरडा होतो आणि कोणी तरी चप्पल उचलते. वास्तविक ते पिल्लू नसते. पुरती वाढलेली, एखादे वेळी पोटात अंडी असलेली आई असते.