पाया खोदण्याआधी पुरातत्त्वज्ञ कशाला? इंग्लंडमधल्या एका नियमाची गोष्ट

बिल्डरने प्लॉट घेतलाय, नकाशे तयार आहेत, आता फक्त जेसीबी लागायचा बाकी आहे. तेवढ्यात हेल्मेट आणि पिवळी जॅकेट घातलेली पाच-सहा माणसं साइटवर येतात. हातातल्या छोट्या थापीने माती खरवडायला लागतात, फोटो काढतात, मापं घेतात. काही महत्त्वाचं सापडलं तर तेवढ्या भागातलं काम काही आठवडे थांबतं. आणि या सगळ्यांचा पगार कोण देतं? तर खुद्द बिल्डर.

आपल्याकडे हे सांगितलं तर लोक हसतील. पण इंग्लंडमध्ये हे नेहमीचं दृश्य आहे. तिथले बहुतेक पुरातत्त्वज्ञ विद्यापीठात किंवा म्युझियममध्ये नाही, तर बांधकामाच्या साइटवर काम करतात. हे असं कसं झालं, त्याचा फायदा कुणाला झाला, तोटा कुणाला झाला आणि आपल्याकडे काय परिस्थिती आहे, हेच आज समजून घेऊ.

एक नाटकघर सापडलं आणि वाद पेटला

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेला साउथवर्क नावाचा भाग आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी तिथली एक ऑफिसची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. जुनी इमारत पडल्यावर पुरातत्त्वज्ञांना तपासणीसाठी थोडे दिवस मिळाले. त्यांना तिथे सापडलं रोझ थिएटर. १५८७ साली बांधलेलं हे नाटकघर. शेक्सपिअर आणि मार्लो यांची नाटकं जिथे झाली, ती खरी जागा.

पण परवानगी आधीच मिळालेली होती. बिल्डरने ठरल्याप्रमाणे काम सुरू केलं असतं तर कायद्याने त्याला अडवता आलं नसतं. मे १९८९ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. इयन मॅकेलन, पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्यासारखे मोठे नट-नट्या आंदोलनात आले. सरकारने मात्र ही जागा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर करायला नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं, तिथेही आंदोलक हरले.

शेवटी इमारतीचा आराखडा बदलला आणि खालचे अवशेष वाळू आणि पाण्याखाली झाकून जपले गेले. नाटकघर वाचलं, पण ते गर्दी, प्रसिद्धी आणि ऐनवेळच्या तडजोडीमुळे. प्रत्येक साइटवर नामवंत नट थोडेच येणार? बिल्डरलाही हा प्रकार परवडणारा नव्हता. सगळं ठरल्यावर अचानक काम अडणं म्हणजे त्याच्यासाठी मोठा फटका.

मग नियम काय आला?

नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने इंग्लंडसाठी एक मार्गदर्शिका काढली. नाव अगदी रुक्ष, पीपीजी १६. हा संसदेने केलेला कायदा नव्हता, तर बांधकाम परवानगी देताना स्थानिक प्रशासनाने कसा विचार करावा याच्या सूचना होत्या. तिचा गाभा असा :

पहिलं, परवानगी देण्याच्या आधीच जमिनीखाली काय असू शकतं हे पाहा. जुने नकाशे, आधीच्या नोंदी तपासा. शंका असेल तर काही चर खणून अंदाज घ्या.

दुसरं, महत्त्वाचं काही असेल तर ते शक्यतो आहे तिथेच राहू द्या. पायाची जागा बदला, पाइल दुसरीकडे घ्या.

तिसरं, ते शक्य नसेल तर बांधकामाआधी नीट उत्खनन करा, नोंदी करा, अहवाल लिहा. आणि याचा खर्च ज्याला बांधकाम करायचंय त्याने करायचा.

तर्क सोपा होता. नदी घाण करणाऱ्याने सफाईचा खर्च द्यावा, तसं जमिनीतला इतिहास ज्याच्या कामामुळे नष्ट होणार, त्याने निदान त्याची नोंद करण्याचा खर्च उचलावा. पुढे मार्गदर्शिका बदलल्या, २०१२ पासून हा विषय राष्ट्रीय नियोजन धोरणात आला. पण तत्त्व तेच राहिलं.

यातून मिळालं काय?

लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या मुख्यालयाचं काम निघालं तेव्हा २०१० ते २०१४ या काळात तिथे उत्खनन झालं. ओल्या चिखलात रोमन काळातल्या ४०५ लाकडी पाट्या सापडल्या. त्यावर पूर्वी मेण लावलेलं असायचं आणि टोकदार लेखणीने त्यात लिहायचे. मेण गेलं, पण लेखणीचे ओरखडे लाकडावर राहिले.

त्यातल्या एका पाटीवर तारीख आहे ८ जानेवारी, इसवी सन ५७. मजकूर काय? एक माणूस कबूल करतोय की घेतलेल्या मालाचे १०५ दिनार तो दुसऱ्याला देणं लागतो. म्हणजे ब्रिटनमधला तारीख असलेला सगळ्यात जुना हस्तलिखित कागद म्हणजे एक उधारीची चिठ्ठी आहे. या ठिकाणी कुणी संशोधक प्रश्न घेऊन खणायला गेला नव्हता. इमारत होणार होती म्हणून खड्डा झाला, आणि नियम होता म्हणून खड्ड्यात आधी पुरातत्त्वज्ञ उतरला.

अशा हजारो छोट्या-मोठ्या खोदकामांमुळे चित्रच बदललं. पूर्वी पुरातत्त्वज्ञ प्रसिद्ध ठिकाणीच खणायचे. आता रस्ता, गोदाम, गृहप्रकल्प जिथे होईल तिथे खणावं लागतं, त्यामुळे ज्या भागांत काहीच नाही असं वाटायचं तिथेही शेतं, वस्त्या, दफनभूमी निघाल्या.

आणि पुरातत्त्वज्ञांचं काय झालं?

आधी पुरातत्त्व म्हणजे सरकारी अनुदान, विद्यापीठाची नोकरी किंवा हौस. नव्या नियमाने त्याचा व्यवसाय झाला. खासगी संस्था उभ्या राहिल्या, त्या टेंडर भरू लागल्या, हजारो तरुणांना काम मिळालं.

पण इथेच खरी मेख आहे. पगार बांधकामातून येतो, म्हणून बांधकाम थांबलं की पुरातत्त्वही थांबतं. २००८ ची मंदी आली आणि घरं बांधणं कमी झालं. ब्रिटनमध्ये २००७-०८ साली सुमारे ६,९०० लोक पुरातत्त्वात काम करत होते, २०१२-१३ पर्यंत ती संख्या ४,८०० च्या आसपास आली. इतिहासातला रस कमी झाला नव्हता, घरांची मागणी कमी झाली होती.

दुसरी अडचण टेंडरची. बिल्डरला इतिहासाची आवड असेलच असं नाही, त्याला परवानगीतली अट पूर्ण करून हवी असते. साहजिकच कमी दर लावणाऱ्याला काम मिळण्याकडे कल राहतो. त्याचा भार कुणावर पडतो? पावसात, थंडीत, चिखलात काम करणाऱ्या माणसावर. पदवी असूनही पगार कमी, आज या गावात तर पुढच्या महिन्यात तिसरीकडे, आणि करार साइट संपेपर्यंतच. बरेच जण काही वर्षांत हे क्षेत्र सोडतात.

कामाचा दर्जा पाहायला स्थानिक प्रशासनाचे पुरातत्त्वज्ञ असतात, पण प्रशासनाच्या बजेटला कात्री लागली की तिथली माणसंही कमी होतात. तिसरी अडचण अहवालांची. अट पूर्ण करण्यासाठी अहवाल लिहिले जातात, पण त्यातले बरेचसे पुस्तकरूपात येत नाहीत, फायलीतच राहतात. रिचर्ड ब्रॅडली या प्राध्यापकांनी असे अप्रकाशित अहवाल धुंडाळून ब्रिटन आणि आयर्लंडच्या प्रागैतिहासिक काळावर २००७ मध्ये पुस्तक लिहिलं, तेव्हा त्या ढिगात किती नवी माहिती पडून होती हे अनेकांच्या लक्षात आलं.

आपल्याकडे नियम नाहीत का?

आहेत, आणि कडकही आहेत. पण त्यांची रचना वेगळी आहे.

भारतात १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. १९९२ च्या आधीच्या घराची परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते, पण मोडकळीला आलेला वाडा पाडून नवी इमारत उभारता येत नाही. तिथल्या कुटुंबांसाठी पुरातत्त्व म्हणजे अडकलेलं घर.

म्हणजे आपला नियम स्मारकाभोवती वर्तुळ आखतो. वर्तुळाच्या आत जवळपास सगळं बंद. आणि बाहेर? पाया खणण्याआधी जमीन तपासा, अशी प्रत्येक मोठ्या बांधकामाला लागू होणारी देशव्यापी अट आपल्याकडे नाही.

मोठ्या प्रकल्पाआधी खोदकाम झाल्याची उदाहरणं आहेत. नागार्जुनसागर धरणात बुडणार म्हणून १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याचं उत्खनन झालं आणि काही वास्तू टेकडीवर पुन्हा उभ्या केल्या गेल्या. पण तो सरकारचा खास निर्णय होता, रोजचा नियम नव्हे. पुण्यातच मेट्रोच्या कामात २०१९ मध्ये स्वारगेटला जुना भुयारी मार्ग लागला, तो खोदता खोदता.

याचा परिणाम नोकऱ्यांवरही होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत पुरातत्त्व शिकता येतं. पण पुढे काम मुख्यतः केंद्राचा पुरातत्त्व विभाग, राज्यांचे विभाग, संग्रहालयं आणि विद्यापीठं इथेच. जागा मोजक्या, इच्छुक जास्त. शहरात रोज शेकडो पाये खणले जातात आणि खणण्याचं शिक्षण घेतलेली मुलं भरतीची जाहिरात कधी निघते याची वाट बघतात.

इंग्लंडची पद्धत जशीच्या तशी उचलावी असं नाही. तिच्यातले दोष वर पाहिलेच. शिवाय तो खर्च शेवटी घराच्या किमतीत येऊ शकतो. पण परवानगीच्या आधी जुने नकाशे आणि नोंदी तपासणं, एवढी पहिली पायरी फार खर्चिक नाही.

तोपर्यंत एक जुना कायदा लक्षात ठेवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत लपलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. घराचा पाया खणताना नाण्यांचं मडकं निघालं, तर ते घरी नेऊ नका आणि सोनाराकडे तर अजिबात नेऊ नका. आहे तिथे फोटो काढा आणि आधी कळवा. वस्तू जागेवरून हलली की ती किती जुनी आणि कुणाची, हे सांगणारी आजूबाजूची माती हातातून जाते.