घाटात बंद पडते, थंड झाली की चालू होते! जुन्या गाडीचा पंप बदलण्याआधी प्रेशर मोजा

बेळगाव : गोव्याहून परतताना केरी सोडलं की चोर्ल्याची चढण लागते. पंधरा-वीस वर्षं जुनी पेट्रोल गाडी दगा देते ती बहुतेक वेळा इथंच. आधी पिकअप जातो, दोन-चार झटके बसतात आणि इंजिन गप्प. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की सेल्फ मारताच गाडी चालू, जसं काही झालंच नाही. गॅरेजमध्ये नेली तर तिथंही व्यवस्थित चालते. मग अंदाजानं एकेक पार्ट बदलायला सुरुवात होते आणि पहिला नंबर लागतो तो पेट्रोल पंपाचा.

शहरातल्या एका किराणा दुकानदाराच्या २००४ सालच्या गाडीचं असंच झालं. पंप नवा टाकला, फिल्टर बदलला, प्लगही झाले. तरी महिन्याभरात गाडी परत घाटात उभी. बायको-मुलं गाडीत, बाहेर धुकं आणि मागून येणाऱ्या ट्रकचे हॉर्न.

अडचण अशी की ‘थंड झाल्यावर चालू होते’ या एका लक्षणावरून काहीच ठरत नाही. पंप गरम होऊन मंदावला तरी हेच होतं, इंजिनचा क्रँक सेन्सर गरम होऊन बंद पडला तरी हेच. एकात पेट्रोल पोचत नाही, दुसऱ्यात ठिणगी पडत नाही. मालकाला दोन्ही सारखंच दिसतं. फरक कळतो तो प्रेशर गेजवर, आणि तोही गाडी बंद पडतानाच्या क्षणी.

थोडा अंदाज मात्र मालकालाही घेता येतो. गाडी गिअरमध्ये पळत असतानाच आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडला, तर संशय क्रँक सेन्सर किंवा इग्निशनवर घ्यावा. आधी ओढ कमी होत गेली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी दम लागल्यासारखं झालं आणि मग बंद पडली, तर पेट्रोल कमी पडतंय. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘घुंईऽ’ असा आवाज येतो, तो पंपाचा. बंद पडलेल्या गाडीत तो आलाच नाही, तर आधी फ्यूज आणि रिले बघावा. टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली गेली, तर टाकीला हवा मिळायची वाट चोंदली असू शकते.

बहुतेक जुन्या एमपीएफआय गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर अडीच ते तीन बारच्या आसपास असतं; नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. रेग्युलेटर इंजिनजवळ असेल तर त्याची व्हॅक्युमची नळी काढल्यावर प्रेशर साधारण अर्ध्या बारनं वाढायला हवं. त्या नळीत पेट्रोल सापडलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. इंजिन बंद केल्यावर काटा झरझर उतरला, तर पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा इंजेक्टर गळतोय. अशा गाडीला सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, पण चालत्या गाडीत बंद पडण्याचं कारण सहसा वेगळं असतं.

दुकानदाराच्या गाडीला शेवटी एका वयस्कर मेकॅनिकनं लांब पाईपचा गेज लावला आणि तो वायपरखाली काचेवर बाहेरूनच अडकवला. (गेज केबिनमध्ये घ्यायचा नाही. गळला तर आगीशी गाठ.) चढणीवर काटा तीनवरून हळूहळू एकच्या खाली आला आणि इंजिन बंद. म्हणजे सेन्सर सुटला, दोष पेट्रोलच्या बाजूचा. पण पंप तर नवा! मग त्यानं पंपाच्या पिनांवर व्होल्टेज मोजलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर पावणेचौदा, पंपावर जेमतेम दहा. टाकीवरचा कनेक्टर उघडला तर आतलं प्लास्टिक काळं पडून वितळलेलं. दोन-तीनशे रुपयांचा कनेक्टर आणि नवी अर्थ वायर यावर काम भागलं.

कनेक्टर का जळला, हे सीमाभागातल्या गाडीवाल्यांनी नीट ऐकण्यासारखं आहे. गोव्यात पेट्रोल स्वस्त म्हणून इकडून जाताना काटा तळाला लावूनच निघायचं आणि पलीकडे टाकी फुल्ल करायची, ही कित्येकांची सवय. पण टाकीतला पंप थंड राहतो तो आजूबाजूच्या पेट्रोलमुळेच. पेट्रोल तळाला गेलं की तो तापतो, झिजतो, जास्त करंट ओढू लागतो आणि त्या करंटनं कनेक्टर भाजत जातो. नवा पंप त्याच भाजलेल्या कनेक्टरला जोडला की त्यालाही पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. लिटरमागे वाचलेले पैसे असे एकदम निघून जातात. टाकी पाव भागाखाली जाऊ न देणं हाच यावरचा स्वस्त उपाय. त्यातच आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं आणि त्यासाठी न बनलेल्या जुन्या रबराला मानवत नाही. त्यामुळे जुन्या नळ्या आणि फिल्टर मधूनमधून बघायला हवेत.

पंपावर ओलं फडकं टाकायचा जुना इलाज कार्बोरेटरच्या गाड्यांचा. त्यांचा पंप इंजिनाला चिकटलेला, प्रेशर कमी, त्यामुळे पेट्रोलची वाफ होऊन अडायचं. टाकीत पंप असलेल्या गाडीला तो सहसा लागू पडत नाही.

काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून, प्रेशर उतरवून, फडकं धरूनच पेट्रोलची नळी सोडावी. जवळ विडी-सिगारेट नको. आणि घाटात चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर घाबरून चावी काढू नये, स्टिअरिंग लॉक होतं. इंजिनाविना ब्रेक एक-दोनदाच हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. म्हणून पंप मारल्यासारखा ब्रेक न मारता एकदाच दाबून धरावा, चारही इंडिकेटर लावून गाडी कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकामागे दगड ठेवावा.