नवा जिवाणू ‘नवा’ कशावरून?

‘नवा जिवाणू सापडला’ असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, नवा कशावरून? सूक्ष्मदर्शकाखाली तर बहुतेक सगळे काठ्या नाहीतर गोळ्याच दिसतात.

तमिळनाडूतल्या पिचावरमच्या खारफुटीचं उदाहरण घ्या. तिथल्या खाऱ्या चिखलात एक रानभात उगवतो. त्याच्या मुळांभोवतीची माती नत्र नसलेल्या माध्यमात टाकायची. जो वाढेल, तो हवेतला नत्र पकडणारा. मग खरी ओळखपरेड. सोळा-एस जनुकाची सुमारे १५०० अक्षरं जवळच्या नातेवाइकांशी जुळवायची. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी असेल, तर जात बहुधा वेगळी. जास्त निघालं तरी निकाल लागत नाही. आजकाल अख्खा जनुकसंच ताडून पाहतात, तिथं सीमारेषा ९५-९६ टक्क्यांची.

पिचावरमचा हा जिवाणू २००४ साली नुसती नवी जात नव्हे, नवी प्रजातीच ठरला: ‘स्वामिनाथनिया सॅलिटोलरन्स’. पहिला शब्द एम. एस. स्वामिनाथन यांच्यावरून, दुसऱ्याचा अर्थ मीठ सोसणारा. मिठातही तो नत्र पकडतो, फॉस्फेट विरघळवतो. आपल्या गोव्यात खाजनात कोरगुट पिकवणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको!

मला सगळ्यात आवडला तो नाव देण्याचा नियम. नुसता लेख छापून भागत नाही. जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे कुणीही तो मागवून, वाढवून तुमचं म्हणणं तपासू शकतं. झाडाच्या बाबतीत वाळवून कागदावर डकवलेली फांदी चालते; जिवाणू मात्र कुपीतून पुन्हा जागवता येईल असाच लागतो. असा एक राष्ट्रीय संग्रह पुण्यातही आहे.