अलेक्झांडर पुश्किन : जीवन, संहिता आणि सांस्कृतिक वारसा

प्रस्तावना

रशियन वाङ्मयाचा विचार करताना अलेक्झांडर सेर्गेयेविच पुश्किन (१७९९–१८३७) याचे नाव सर्वप्रथम घ्यावे लागते. आधुनिक रशियन साहित्यभाषेचा शिल्पकार म्हणून त्याचा गौरव होतो आणि त्याचा जन्मदिन, ६ जून, हा संयुक्त राष्ट्रसंघात २०१० पासून रशियन भाषा दिन म्हणून पाळला जातो. तथापि ‘राष्ट्रकवी’ ही उपाधी कवीबरोबर जन्माला येत नाही; ती त्याला दिली जाते आणि देणाऱ्याचा त्यात काही हेतू असतो. प्रस्तुत लेखात पुश्किनच्या जीवनाचा संक्षिप्त परामर्श घेऊन, मृत्यूनंतर त्याची संहिता कोणाकोणाच्या हातून गेली आणि प्रत्येक काळाने आपल्याला हवा तसा पुश्किन कसा घडविला, याचा विचार केला आहे.

जीवन आणि राजसत्ता

पुश्किनचा जन्म मॉस्को येथील जुन्या सरदार घराण्यात झाला. त्याचे मातृकुलातील पणजोबा अब्राम गानिबाल हे आफ्रिकेतून कॉन्स्टँटिनोपलमार्गे पीटर द ग्रेटच्या दरबारात आले आणि पुढे सेनाधिकारी झाले. या वंशपरंपरेचा पुश्किनला अभिमान होता. तत्कालीन उच्चवर्गात फ्रेंच हीच व्यवहाराची व शिष्टाचाराची भाषा असल्याने त्याचे बालपणीचे वाचनही बहुतांशी फ्रेंच होते. १८११ मध्ये त्सारस्कोये सेलो येथे नव्याने स्थापन झालेल्या लायसियममध्ये तो दाखल झाला आणि तेथेच त्याच्या कवित्वाची पहिली ओळख वडीलधाऱ्या कवींना पटली.

राजकीय आशयाच्या कविता हस्तलिखित रूपाने हातोहात फिरू लागल्यामुळे १८२० मध्ये त्याला राजधानीतून दूर दक्षिणेकडे पाठविण्यात आले. येकातेरिनोस्लाव, किशिनेव्ह, ओदेसा असा प्रवास करून १८२४ पासून तो मिखाइलोव्स्कोये या कौटुंबिक जहागिरीवर नजरकैदेत राहिला. डिसेंबर १८२५ चा फसलेला उठाव त्याच्या मित्रांनी केला होता. तो मात्र या नजरकैदेमुळे त्या दिवशी पीटर्सबर्गमध्ये नव्हता. सप्टेंबर १८२६ मध्ये झार निकोलस पहिला याने त्याला बोलावून घेतले, शिक्षा माफ केली आणि यापुढे आपण स्वतःच त्याचे लेखन तपासू असे सांगितले. वरकरणी हा सन्मान होता. प्रत्यक्षात गुप्त पोलीस खात्याचे प्रमुख बेंकेनडॉर्फ यांच्यामार्फतच सारा व्यवहार होत असे आणि साध्या प्रवासासाठीही कवीला परवानगी मागावी लागे. १८३३ मध्ये बोल्दिनो येथे लिहिलेले ‘ब्राँझचा घोडेस्वार’ हे खंडकाव्य झारच्या आक्षेपांमुळे त्याच्या हयातीत संपूर्ण छापले गेले नाही.

पत्नी नाताल्या हिच्या संदर्भातील अपमानास्पद निनावी पत्रांतून उद्भवलेल्या प्रकरणाचा शेवट ८ फेब्रुवारी १८३७ रोजी जॉर्ज दांतेस याच्याशी झालेल्या द्वंद्वयुद्धात झाला. दोन दिवसांनी पुश्किन मरण पावला. या द्वंद्वावर आजवर अतोनात लिहिले गेले आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याहून महत्त्वाचे वाटावे ते मृत्यूनंतरचे काही दिवस. जनक्षोभाच्या भीतीने शव रात्रीच्या वेळी पोलीस देखरेखीत राजधानीबाहेर नेण्यात आले आणि स्व्यातोगोर्स्क मठात दफन झाले. घरातील कागदपत्रांना मोहोर लावण्यात आली व त्यांची छाननी कवी झुकोव्स्की आणि पोलीस अधिकारी दुबेल्त या दोघांनी मिळून केली. एका कवीचे हस्तलिखित भांडार मित्राने आणि पोलिसाने एकत्र बसून उघडावे, यात पुढील शतकाची चाहूल होती.

‘येवगेनी ओनेगिन’ : रचना आणि प्रवास

१८२५ ते १८३२ या काळात प्रकरणशः प्रसिद्ध झालेली आणि १८३३ मध्ये ग्रंथरूप पावलेली ‘येवगेनी ओनेगिन’ ही पद्य-कादंबरी म्हणजे पुश्किनच्या प्रतिभेचा मध्यबिंदू होय. तिचे कडवे चौदा ओळींचे आहे : पहिल्या चौकडीत एकाआड एक यमक, दुसरीत लागोपाठ, तिसरीत कडेच्या ओळी एकमेकींशी व मधल्या एकमेकींशी जुळणाऱ्या आणि अखेरीस एक द्विपदी. सुनीताची ही चौकट कथेच्या ओघाला अडवीत नाही. उलट शेवटच्या द्विपदीत कवी हलकेच डोळे मिचकावून पुढे जातो. नायिका तात्याना आपले प्रेमपत्र फ्रेंचमध्ये लिहिते आणि निवेदक ते रशियनमध्ये ‘भाषांतरित’ करून वाचकापुढे ठेवतो. ज्या भाषेत सुशिक्षित स्त्री आपले मन मोकळे करू शकत नव्हती, ती भाषा पुश्किन त्या पत्रातच घडवीत आहे. चर्चची प्राचीन स्लाव्ह भाषा, लोकबोली आणि फ्रेंच वळणाची वाक्यरचना यांचा त्याने साधलेला मेळ याहून चांगल्या उदाहरणाने दाखविता येणार नाही.

या कृतीवर चायकोव्स्कीने रचलेला ऑपेरा १८७९ मध्ये रंगमंचावर आला. व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी १९६४ मध्ये यमकाचा त्याग करून शब्दशः भाषांतर व विस्तृत भाष्य प्रसिद्ध केले. चार्ल्स जॉन्स्टन यांनी मात्र १९७७ मधील भाषांतरात कडव्याचा बंध राखला आणि तो वाचूनच विक्रम सेठ यांनी त्याच बंधात ‘द गोल्डन गेट’ (१९८६) ही इंग्रजी कादंबरी लिहिली. अर्थ आणि आकार यांपैकी काय वाचवावे, या भाषांतरशास्त्रातील जुन्या वादात येथे तरी आकाराने अधिक संतती दिली, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्मारक आणि त्यावरील ओळ

ऑगस्ट १८३६ मध्ये पुश्किनने होरेसच्या प्रसिद्ध ओडच्या धर्तीवर आपल्या अक्षरस्मारकाविषयी एक कविता लिहिली. आपले स्मारक पीटर्सबर्गमधील झार अलेक्झांडरच्या स्तंभाहून उंच आहे आणि निष्ठुर काळात आपण स्वातंत्र्याचा गौरव केला, असा तीत दावा होता. कवीच्या मृत्यूनंतर ती छापताना झुकोव्स्कीने अलेक्झांडरच्या जागी नेपोलियनचा स्तंभ घातला आणि स्वातंत्र्याऐवजी काव्याच्या मोहिनीने लोकोपयोगी ठरल्याची निरुपद्रवी ओळ रचली. झुकोव्स्कीला दोष देणे सोपे आहे; परंतु त्याने हा बदल केला नसता तर त्या वेळी कविता छापलीच गेली नसती, हेही लक्षात घेणे आवश्यक आहे.

लोकवर्गणीतून उभारलेल्या, शिल्पकार ओपेकुशिन यांच्या मॉस्कोतील पुतळ्याचे जून १८८० मध्ये अनावरण झाले, तेव्हा चौथऱ्यावर हीच बदललेली ओळ कोरलेली होती. त्या समारंभात तुर्गेनेव्ह यांनी पुश्किनला शेक्सपिअर वा गटे यांच्या पंक्तीला बसविण्यास संकोच व्यक्त केला, तर दोस्तोयेव्स्की यांनी सर्व राष्ट्रांच्या आत्म्याशी एकरूप होण्याची रशियाची शक्ती पुश्किनमध्ये प्रकट झाल्याचे सांगून सभा भारावून टाकली. टॉल्स्टॉय आमंत्रण असूनही गेले नाहीत. दोस्तोयेव्स्कींचे ते भाषण वक्तृत्व म्हणून अद्वितीय आहे. परंतु त्यात पुश्किनपेक्षा दोस्तोयेव्स्कीच अधिक आहेत.

सोविएत राजवटीने १९३७ मध्ये मृत्युशताब्दी अभूतपूर्व प्रमाणात साजरी केली. त्सारस्कोये सेलोला ‘पुश्किन’ हे नाव मिळाले. शताब्दीच्या सुमारासच चौथऱ्यावरील ओळ बदलून मूळची, स्वातंत्र्याचा उल्लेख असलेली ओळ कोरण्यात आली. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा न्यायच होता. मात्र हेच वर्ष स्टालिनच्या दहशतीचे होते आणि असंख्य लेखक तुरुंगात वा मृत्यूच्या वाटेवर होते. त्याच काळात सुरू झालेल्या विद्यापीठीय समग्र आवृत्तीचा १९३५ मधील नाट्यखंड विस्तृत टीपांसह निघाला होता, परंतु वरिष्ठांच्या इच्छेनुसार पुढील खंडांतून त्या वगळण्यात आल्या. संहिता शुद्ध झाली आणि तिचा अर्थ सांगणारे संशोधक मूक झाले.

वारशाची दुसरी बाजू

पुश्किनला केवळ स्वातंत्र्याचा कवी म्हणणे हेही एक प्रकारचे संपादनच होय. १८३१ मध्ये पोलंडचा उठाव रशियन सैन्याने चिरडला, तेव्हा त्याने त्याचे समर्थन करणारी कविता लिहिली. त्याचा मित्र व्याझेम्स्की यालाही ती रुचली नाही. ‘पोल्तावा’ या काव्यात युक्रेनचा हेतमान माझेपा खलपुरुष म्हणून रंगविला आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यानंतर ताब्यात घेतलेल्या खेरसनमध्ये पुश्किनच्या चित्राचे मोठे फलक लावण्यात आले. दुसरीकडे, त्याच वर्षी खार्किव व निप्रो येथील आणि २०२३ मध्ये कीव्हमधील त्याचे पुतळे हटविण्यात आले. कवी पाडला जातो की त्याच्या नावाने उभी राहिलेली सत्ता, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. आणि ज्यांच्या घरांवर तोफगोळे पडत आहेत त्यांनी हा भेद बारकाईने करावा, अशी अपेक्षा दूर बसून ठेवणे योग्य ठरणार नाही. निप्रो हे नगर म्हणजेच पूर्वीचे येकातेरिनोस्लाव. मे १८२० मध्ये झारने राजधानीतून घालविलेला वीस वर्षांचा पुश्किन प्रथम याच गावी पोचला होता.