शासकीय संगणक सेवेतील स्त्रिया : ब्रिटनचा अनुभव

प्रस्तावना :
शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागांत, विशेषतः वरिष्ठ पदांवर, स्त्रियांचे प्रमाण कमी का, असा प्रश्न उपस्थित झाला की 'स्त्रिया या क्षेत्रात उशिरा आल्या' किंवा 'त्यांना यंत्रांची आवड नसते' अशी उत्तरे सहजपणे दिली जातात. ब्रिटनचा इतिहास या समजुतीला छेद देणारा आहे. तेथे शासकीय संगणकाचे काम प्रारंभी मुख्यतः स्त्रियांच्या हाती होते. पुढे ते त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. ही प्रक्रिया कशी घडली व तिचे कोणते परिणाम झाले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. डिजिटल नोंदींचा मोठा भार स्त्री कर्मचाऱ्यांवर असलेल्या महाराष्ट्रालाही हा अनुभव उद्बोधक ठरणारा आहे.

युद्धकालीन कार्य :
दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापतींचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम ब्लेचली पार्क येथे चालत असे. त्यासाठी टपाल खात्याच्या डॉलिस हिल संशोधन केंद्रातील अभियंता टॉमी फ्लॉवर्स यांनी 'कोलोसस' हे इलेक्ट्रॉनिक यंत्र तयार केले. १९४४ च्या प्रारंभी ते कार्यान्वित झाले आणि युद्ध संपेपर्यंत अशी १० यंत्रे उभी राहिली. ती चालविण्याचे काम नौदलाच्या महिला दलातील तरुणींकडे होते. युद्धाच्या अखेरीस या विभागात २७२ स्त्रिया व २७ पुरुष कार्यरत होते. छिद्रित कागदी पट्टी यंत्रावर चढविणे, कळा व जोडण्या बसविणे, आलेल्या संख्यांची नोंद घेणे ही कामे अचूकतेची व जबाबदारीची होती. तथापि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सर्व गुप्त राहिल्याने या स्त्रियांना आपला अनुभव नोकरीसाठी सांगण्याचीही सोय नव्हती.

वर्गवारी आणि वेतन :
युद्धोत्तर काळात शासकीय खात्यांत छिद्रपत्रांची यंत्रे व नंतर संगणक आले. ती चालविण्यासाठी 'यंत्रचालक' हा वेगळा वर्ग होता आणि त्यात जवळजवळ सर्व स्त्रियाच होत्या. काम यांत्रिक स्वरूपाचे आहे असे मानले गेल्याने वेतन कमी आणि बढतीची संधी अत्यल्प होती. विवाहानंतर स्त्रीने नोकरी सोडावी, हा नागरी सेवेतील नियम १९४६ मध्ये रद्द झाला; पण स्त्रीची नोकरी ही तात्पुरतीच असते, हे गृहीतक कायम राहिले.

१९५५ मध्ये नागरी सेवेत स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा निर्णय झाला व १९६१ पर्यंत तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. यंत्रचालक वर्ग मात्र त्यातून वगळला गेला. या वर्गात तुलनेसाठी पुरुषच नाहीत, म्हणून स्त्रियांचा कमी दर हाच त्या कामाचा दर, असा युक्तिवाद करण्यात आला. ज्या कामात स्त्रियाच बहुसंख्य, त्या कामाला समान वेतनाचा लाभ नाही, असा त्याचा अर्थ झाला.

कामाचे महत्त्व वाढल्यानंतर :
१९६० च्या सुमारास वेतन, कर व निवृत्तिवेतन यांचे हिशेब संगणकावर जाऊ लागले. संगणक ज्याच्या हाती, त्याच्या हाती कार्यालयाचे नियंत्रण, हे प्रशासनाच्या लक्षात आले. त्यामुळे हे काम व्यवस्थापकीय दर्जाचे ठरवून त्यासाठी तरुण पुरुषांची निवड होऊ लागली. इतिहास-संशोधक मार हिक्स यांनी 'प्रोग्रॅम्ड इनइक्वॅलिटी' (२०१७) या ग्रंथात याचे सविस्तर विश्लेषण केले आहे. एका अनुभवी स्त्री प्रोग्रॅमरने १९५९ मध्ये दोन नवख्या पुरुषांना शिकविले आणि तेच पुढे तिचे वरिष्ठ झाले, हे त्यातील उदाहरण बोलके आहे.

या धोरणाचा तोटा शासनालाही झाला. निवडलेले अनेक पुरुष संगणकाच्या कामात टिकले नाहीत आणि कुशल मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली. कमी माणसांत चालतील अशा मोठ्या, केंद्रीकृत यंत्रांचा शासनाने आग्रह धरला. १९६८ मध्ये शासनाच्या पुढाकाराने कंपन्यांचे विलीनीकरण होऊन 'आयसीएल' स्थापन झाली. ब्रिटिश संगणक उद्योगाच्या पीछेहाटीमागे हे धोरणही एक कारण होते, असे हिक्स यांचे प्रतिपादन आहे.

कुशल स्त्रिया उपलब्ध नव्हत्या, असे मात्र म्हणता येत नाही. डॉलिस हिल येथेच १९५० च्या दशकात काम केलेल्या स्टेफनी शर्ली (१९३३-२०२५) यांनी १९६२ मध्ये स्वतःची प्रोग्रॅमिंग संस्था सुरू केली. व्यवसायाच्या पत्रांना उत्तरे येईनात, तेव्हा त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. त्यांच्या पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांपैकी २९७ स्त्रिया होत्या. मुलाबाळांमुळे नोकरी सुटलेल्या स्त्रियांनी घरी बसून प्रोग्रॅम लिहिले. कॉंकॉर्ड विमानाच्या 'ब्लॅक बॉक्स'चे कामही याच संस्थेने केले.

महाराष्ट्राच्या संदर्भात :
केंद्र शासनाने २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' ही प्रणाली सुरू केली. बालकांचे वजन, उंची, उपस्थिती व आहारवाटप यांच्या नोंदी अंगणवाडी सेविका मोबाइलवर करतात आणि त्यांच्या आधारे पोषणाचे चित्र शासनासमोर उभे राहते. नोंद चुकली तर नियोजनही चुकते. असे असूनही हे काम तांत्रिक मानले जात नाही आणि त्याचा मोबदला 'मानधन' या नावाने दिला जातो. त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत करून आंदोलन केले. अंगणवाडी सेविका ग्रॅच्युइटीस पात्र आहेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ मधील निर्णय या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा आहे.

निष्कर्ष :
कामाचा दर्जा नेहमी त्यातील कौशल्यावरून ठरतो असे नाही. ते कोण करते यावरूनही तो ठरविला जातो, हे ब्रिटनच्या अनुभवावरून स्पष्ट होते. म्हणून शासकीय सेवेत स्त्रियांची केवळ संख्या मोजणे पुरेसे नाही. पदाची वर्गवारी कोणत्या निकषांवर झाली, त्या पदावरून वर जाण्याचा मार्ग आहे काय, आणि काम शिकविणारी व्यक्ती व अधिकारपदावरील व्यक्ती वेगवेगळ्या का, हे प्रश्नही विचारले गेले पाहिजेत. ब्रिटनमध्ये ते वेळेवर विचारले गेले नाहीत आणि त्याची किंमत स्त्रियांबरोबरच शासनानेही मोजली.